रंगपेटीतून स्वर-तालाचे शिक्षण

प्राथमिक शाळेतील संगीत म्हणजे बहुधा सकाळचा परिपाठ. राष्ट्रगीत, प्रार्थना, एखादे समूहगीत, आणि मग दिवसभराचे तास. या दहा-पंधरा मिनिटांत दोन-चार मुली पुढे उभ्या राहून गातात आणि बाकीची मुले त्यांच्यामागे ओठ हलवितात. एखादे मूल उत्साहाने पण वेगळ्याच पट्टीत गाऊ लागले की त्याला हळू म्हणण्यास सांगितले जाते. असे चार-दोनदा घडले म्हणजे आपण ‘बेसूर’ आहोत असे ते मूल स्वतःच मानू लागते. वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षी बसलेला हा शिक्का पुढे सहसा पुसला जात नाही.

हा शिक्का न्याय्य असतो काय? गाणे ही दोन क्रियांची जोड आहे. स्वर नीट ऐकणे ही पहिली आणि ऐकलेला स्वर गळ्यातून काढणे ही दुसरी. मूल चुकते तेव्हा त्याचा कान चुकला की गळा, हे केवळ त्याचे गाणे ऐकून ठरविता येत नाही. लहान वयात कंठ पुरता ताब्यात आलेला नसतो. कानाने अचूक टिपलेला स्वरही गळ्यातून भलताच निघू शकतो. गळा सरावाने सुधारतो, पण ज्या मुलाला गप्प बसविले त्याला सराव कुठून मिळणार? म्हणून गळ्याला मध्ये न घालता कानाची पारख करता येईल, असे एखादे साधन शिक्षकाजवळ असणे अगत्याचे आहे. मुलांना अतिशय प्रिय असलेले रंगकाम हे असे साधन होऊ शकते. मुलाने स्वर ऐकावा व कागदावरील योग्य चौकट रंगवावी. रंगविलेला कागद हा त्याच्या ऐकण्याचा पुरावा ठरतो. ही पद्धती कशी राबवावी, तिच्या मर्यादा कोणत्या आणि गावपातळीवर तिला कोणाचे साह्य होऊ शकते, याचा विचार येथे केला आहे.

शिक्षकाची अडचण

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याने बालकाचा सर्वांगीण विकास आणि कृतीतून अध्ययन ही तत्त्वे अभ्यासक्रमाच्या पायाशी ठेविली आहेत. त्याच अधिनियमाच्या अनुसूचीप्रमाणे कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे ती सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, आणि तीही पटसंख्या शंभराहून अधिक असेल तेथे. पहिली ते पाचवीच्या, साठपर्यंत पट असलेल्या शाळेत दोन शिक्षक असतात. भाषा, गणित, परिसर आणि कार्यालयीन नोंदी यांचा भार वाहून संगीतही त्यांनीच शिकवावयाचे असते. त्यांतील बहुतेकांनी संगीताचे रीतसर शिक्षण घेतलेले नसते, आणि ‘मला गाता येत नाही, तर मी शिकवू कसे?’ हा त्यांचा प्रश्न रास्त आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षे हा वयोगट पायाभूत स्तर मानून खेळ व कृती यांवर भर दिला आहे. अंगणवाडीपासून दुसरीपर्यंतचे हेच वय कान तयार होण्याचे आहे. गाता न येणाऱ्या शिक्षकालाही टाळी वाजविता येते, वाटीवर चमचा वाजविता येतो, भ्रमणध्वनीवरील तानपुऱ्याचा षड्ज लावता येतो. पुढे वर्णन केलेल्या बहुतेक कृतींना याहून अधिक कौशल्य लागत नाही.

रंग आणि स्वर यांची जुनी सोबत

स्वराला रंगाची जोड देण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांकडे, राजा सिंघण याच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ रचिला. हा पंडित राजदरबारी हिशेबखात्याचा अधिकारी होता, ही गोष्ट शासकीय सेवेतील वाचकांना विशेष वाटेल. या ग्रंथात सात स्वरांचे सात वर्ण सांगितले आहेत. षड्ज कमळाच्या कांतीचा, ऋषभ पिंजर म्हणजे तांबूस-पिवळा, गांधार सोनेरी, मध्यम कुंदाच्या फुलासारखा शुभ्र, पंचम काळा, धैवत पिवळा आणि निषाद चित्रविचित्र रंगांचा. प्रत्येक स्वराचा प्राणीही सांगितला आहे. मोर, चातक, बोकड, क्रौंच, कोकिळ, बेडूक आणि हत्ती असा तो क्रम आहे. हे वर्णन अध्यापनासाठी केलेले नव्हते. स्वरांचे कुळ, देवता, वर्ण सांगण्याच्या परंपरेचा तो भाग होता. तथापि सात प्राण्यांची ही माला मुलांच्या चित्रवहीत सहज उतरण्याजोगी आहे.

लिखाणात रंगाचा प्रत्यक्ष उपयोगही जुनाच आहे. वेदांच्या अनेक हस्तलिखितांत उदात्त-अनुदात्तादी स्वर दाखविणाऱ्या खुणा तांबड्या शाईने केलेल्या आढळतात. अक्षर काळे आणि आवाजाची चढ-उतार तांबडी, अशी ती सोय आहे. धुळ्यात १९२७ साली स्थापन झालेले राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर या दोन संस्थांनी जुन्या हस्तलिखितांचा मोठा ठेवा जतन केला आहे. अशा जुन्या पोथ्यांत ओवीची वा श्लोकाची समाप्ती तांबड्या शाईने किंवा गेरूने दाखविण्याची रीत सर्वत्र दिसते. कोठे थांबावयाचे हे वाचणाऱ्याच्या डोळ्याला रंग सांगतो.

युरोपात अकराव्या शतकात ग्वीदो या इटालियन संगीतशिक्षकाने गाणाऱ्या मुलांना स्वर लवकर वाचता यावेत म्हणून स्वरलेखनाच्या रेषांपैकी एक तांबडी व एक पिवळी केली. पुढे न्यूटनने १७०४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात प्रकाशाच्या सात रंगांचे वर्तुळ काढताना सप्तकातील स्वरांतरांचा आधार घेतला. अलीकडे, १९९० नंतरच्या दशकात, फिनलंडमध्ये रंग आणि आकार यांवर आधारलेली स्वरलेखनपद्धती तयार झाली. तीत रंगावरून स्वर आणि आकारावरून सप्तक कळते. ज्यांना नेहमीचे स्वरलेखन अवघड जाते, अशी विशेष गरजा असलेली मुले तिच्या साह्याने वाद्य वाजवू लागली.

या साऱ्या उदाहरणांतून एक महत्त्वाचा बोध निघतो. शार्ङ्गदेवाची वर्णमाला आणि न्यूटनचे वर्तुळ परस्परांशी जुळत नाहीत. अमुक स्वराचा अमुकच रंग असा निसर्गाचा नियम नाही. तो माणसांनी आपसांत ठरविलेला संकेत आहे. म्हणून कोणता रंग निवडला याला फारसे महत्त्व नाही. एकदा निवडलेला रंग बदलू नये, याला मात्र फार महत्त्व आहे. पहिलीत तांबडा असलेला षड्ज तिसरीत निळा झाला, तर संकेत मोडतो आणि मूल गोंधळते. एका केंद्रातील सर्व शाळांनी एकच रंगमाला ठरविल्यास शाळा बदलणाऱ्या मुलाचीही अडचण होत नाही.

तालाचा पट्टा

प्रारंभ स्वराने न करता तालाने करावा, कारण ताल हाताने धरता येतो. कागदावर एका ओळीत आठ चौकटी आखाव्यात. हा केरवा. चार-चार मात्रांचे दोन विभाग. पहिल्या मात्रेवर सम, पाचवीवर खाली. शिक्षकाने संथ गतीने आठ मात्रा मोजाव्यात, समेला टाळी द्यावी, खालीला हात बाजूस सोडावा. मुलांनी प्रथम नुसते हाताने करावे. ते जमले की मग खडू हाती घ्यावा: समेची चौकट तांबडी, इतर मात्रा पिवळ्या, आणि खालीची चौकट कोरी.

कोरी ठेवलेली ही चौकट फार काही शिकवून जाते. ‘खाली’ म्हणजे काय, हे व्याख्येने सांगू गेल्यास मुलाच्या पदरी काही पडत नाही. सगळ्या चौकटी रंगलेल्या आणि मध्येच एक रिकामी पाहिली, की मात्रा आहे पण टाळी नाही ही गोष्ट त्याला डोळ्यांनी कळते. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या स्वरलेखनपद्धतीत समेला × आणि खालीला ० ही चिन्हे आहेत. रंगासोबत हीच चिन्हे चौकटीत घालण्याची सवय लावल्यास पुढे वरच्या वर्गांत संगीताचे पुस्तक उघडताना मुलाला ती ओळखीची वाटतील.

याच रीतीने दादऱ्याच्या सहा चौकटी होतात, चौथी कोरी. त्रितालाच्या सोळा, पहिली तांबडी, पाचवी व तेरावी टाळीची म्हणून हिरवी, नववी कोरी. चार तालांचे पट्टे भिंतीवर एकाखाली एक लावले, की कोणता ताल वाजतो आहे हे मुले बोटाने दाखवू लागतात. मग त्यांच्यापुढे रूपकाचा पट्टा ठेवावा. सात मात्रा, तीन-दोन-दोन असे विभाग, आणि समेलाच खाली. म्हणजे पहिलीच चौकट कोरी! आजवर रिकामी चौकट मध्येच येते असे मानणारी मुले येथे थबकतात, प्रश्न विचारतात. असा प्रश्न मुलाच्या मनात उभा राहणे हे अध्यापनाचे मोठे यश होय.

लयीचे शिक्षणही याच पट्ट्यावर होते. एका मात्रेची चौकट उभ्या रेघेने दुभागली आणि दोन्ही अर्ध्यांत एकेक टाळी बसविली की दुगुन. चार भाग केले की चौगुन. मुलाने जे कागदावर केले तेच अपूर्णांकांत अर्धा आणि पाव या नावांनी येते. गणिताच्या तासाला हा पट्टा पुन्हा काढण्यास हरकत नाही.

कागद नसेल तर अंगण आहे. शाळेच्या पटांगणावर रांगोळीने वा गेरूने आठ मोठ्या चौकटी आखाव्यात आणि मुलांनी मात्रेगणिक एकेक पाऊल टाकीत चालावे. समेवर पाय जोराने, खालीवर अलगद. ज्या शाळेत लेझीम आहे तेथे हे काम आणखी सोपे होते.

स्वरांची शिडी

स्वराकडे वळताना एकदम सात स्वर घेऊ नयेत. प्रथम दोनच घ्यावेत: मध्य सप्तकाचा षड्ज आणि तार षड्ज. शाळेच्या पुस्तकांत सोयीसाठी मध्य षड्जाची आंदोलने सेकंदाला २४० धरतात. त्या हिशेबाने तार षड्जाची ४८० आणि पंचमाची ३६० होतात. दुपटीचे हे अंतर कानाला स्पष्ट जाणवते. कागदावर खाली-वर अशा दोन चौकटींच्या दहा जोड्या आखाव्यात. शिक्षकाने पाठमोरे होऊन पेटीवर दोहोंपैकी कोणताही एक स्वर वाजवावा. खालचा ऐकू आला तर मुलाने खालची चौकट रंगवावी, वरचा आला तर वरची. असे दहा वेळा करावे.

या चाचणीचा अर्थ लावताना थोडे गणित ध्यानी घ्यावे. नुसत्या अंदाजाने रंगविणाऱ्या मुलाच्याही सरासरीने पाच चौकटी बरोबर येतील. पाच बरोबर आल्या म्हणून समाधान मानू नये. परंतु नऊ किंवा दहा बरोबर येणे हे अंदाजाने शंभरात एखाद्या वेळीच घडते. ज्या मुलाच्या नऊ-दहा चौकटी बरोबर आल्या त्याचा कान स्वरांतील फरक टिपतो, असे मानण्यास हरकत नाही, मग त्याचा गळा प्रार्थनेच्या वेळी कसाही लागो. शंका राहिल्यास चार दिवसांनी चाचणी पुन्हा घ्यावी. ज्याच्या चौकटी वारंवार चुकतात त्याला ‘बेसूर’ म्हणण्याआधी त्याला नीट ऐकू येते की नाही, हे आरोग्य तपासणीच्या वेळी पाहून घेणे इष्ट. या साध्या कागदावरून एखाद्या मुलाच्या कानाचा दोष वेळीच लक्षात आला, तर ते केवळ संगीताचे काम राहणार नाही.

दोन स्वर पक्के झाले की षड्ज आणि पंचम, मग षड्ज, गांधार, पंचम, असे हळूहळू अंतर कमी करीत न्यावे. शेवटी सात पायऱ्यांची शिडी काढून प्रत्येक पायरीला तिचा ठरलेला रंग द्यावा. मंद्र सप्तकात तोच रंग गडद, तार सप्तकात तोच फिकट. म्हणजे ‘सा’ तोच, पण खालचा आणि वरचा, हे नाते डोळ्यांना दिसते. कोमल स्वरासाठी चौकटीखाली आडवी रेघ आणि तीव्र मध्यमासाठी वर उभी रेघ, ही भातखंडे पद्धतीची चिन्हे रंगावरच घालावीत. मींड शिकवावयाची असेल तर एका रंगातून दुसऱ्या रंगात बोटाने पुसत न्यावे. स्वर तुटत नाही, वाहत जातो, हे त्या पुसण्यातच कळते.

सहावी-सातवीच्या वर्गात याच शिडीवरून रागाची तोंडओळख करून देता येते. सात स्वरांच्या पट्टीवर भूप रंगविला तर मध्यम आणि निषाद यांच्या जागा कोऱ्या राहतात. दुर्गा रंगविला तर गांधार आणि निषाद कोरे राहतात. हंसध्वनीत मध्यम आणि धैवत. पाच-पाच स्वरांचे तीन राग एकाखाली एक ठेविले की कोणता स्वर वगळला म्हणजे रागाचे रूप कसे पालटते, हे मुले स्वतः शोधून काढतात. राग म्हणजे केवळ स्वरांची यादी नव्हे, हे मात्र शिक्षकाने सांगावे. चलन, वादी-संवादी आणि न्यास या गोष्टी पट्टीत मावत नाहीत. त्या ऐकूनच कळतात.

पेटी नसलेल्या शाळेत जलतरंगाचा मार्ग आहे. चिनी मातीच्या तीन-चार वाट्या घेऊन त्यांत कमी-अधिक पाणी भरावे व लाकडी काडीने वाजवाव्यात. पाणी वाढविले की स्वर उतरतो. पाण्यात हळद, नीळ, कुंकू असे रंग मिसळले की पाण्याची पातळी, रंग आणि स्वर हे तिन्ही मुलांपुढे एकत्र येतात, आणि विज्ञानाचा एक पाठही त्यात होऊन जातो.

गीताची घडण

गीत कसे बांधलेले असते, हेही रंगाने दाखविता येते. अभंग, आरती, भूपाळी, समूहगीत यांत धृपद पुन्हा पुन्हा येते. मुलांनी गाणे ऐकत कागदाची लांब पट्टी रंगवावी. धृपद आले की एक रंग, प्रत्येक कडव्याला निराळा रंग. गाणे संपले की धृपदाचा रंग ठरावीक अंतराने परत आलेला दिसतो. गोधडीच्या काठावर एकच चिंधी पुन्हा पुन्हा जोडावी तसा. अस्थायी व अंतरा या संज्ञा याच वेळी सांगाव्यात. संज्ञा आधी आणि अनुभव मागाहून, असा उलटा क्रम घेऊ नये.

अंगणवाडीतील मुलांसाठी याहूनही सोपे प्रकार आहेत. ढोलकी मोठ्याने वाजली की खडू दाबून, हळू वाजली की अलगद फिरवावा. जलद वाजली की आखूड रेघा, संथ वाजली की लांब रेघा. या वयात चौकटीच्या बाहेर रंग गेला तरी तो दोष मानू नये. मूल ऐकून हात हलवीत आहे, एवढेच पाहावे.

देवपूर आणि खानदेशचा ठेवा

अशा अध्यापनाला लागणारी ध्वनींची सामग्री आपल्या भागात विपुल आहे. धुळे शहरात पांझरा नदीच्या उत्तर काठावर वसलेल्या देवपुराचे उदाहरण घ्यावे. नदीकाठच्या एकवीरा देवीची चैत्रातील यात्रा आणि नवरात्र यांच्या निमित्ताने वाद्यांचा गजर येथील मुलांच्या कानी लहानपणापासून पडतो. ज्या मुलाने देवीच्या आरतीत ताल धरला आहे, त्याला केरव्याची सम परकी नसते. फक्त शाळेने तिला नाव दिलेले नसते. आरतीच्या ठेक्याची सम कोठे पडते, हे मुलांकडूनच टाळीने काढून घेऊन तिचा पट्टा रंगविणे, हा देवपुरातील कोणत्याही वर्गाचा पहिला पाठ होऊ शकतो.

शहराबाहेर पडले की हा ठेवा आणखी वाढतो. श्रावणात कानबाईच्या उत्सवात बायका अहिराणी गाणी गातात. आखाजीला झोक्यावर मुली गातात. साक्री तालुक्याच्या पश्चिमेस डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात पावरी वाजते. शिरपूरच्या सातपुड्यात आणि १ जुलै १९९८ पासून स्वतंत्र जिल्हा झालेल्या नंदुरबारच्या अक्राणी भागात होळीला पावरा बांधवांचे ढोल घुमतात. या भागांतील मुलाची घरची भाषा पुस्तकाच्या भाषेहून वेगळी असल्यामुळे ते वर्गात मागे बसते. तालाच्या पट्ट्यावर भाषेची अडचण नसते. होळीचा ढोल वर्गात चौकटींत उतरला, तर हे मूल त्या तासापुरते इतरांचा शिक्षक होते. लोकतालाला शास्त्रीय तालाच्या साच्यात मात्र कोंबू नये. ठेका जसा आहे तशाच चौकटी पाडाव्यात. सहा असोत, सात असोत वा त्यांहून निराळ्या असोत.

रंगही गावचेच वापरता येतात. होळीच्या सुमारास फुलणाऱ्या पळसाचा केशरी, हळदीचा पिवळा, गेरूचा तांबडा, निळीचा निळा, कोळशाचा काळा. जुन्या नोंदवह्यांच्या पाठकोऱ्या कागदांवर हे रंग चांगले बसतात. खर्चाच्या अभावी थांबावे असे या उपक्रमात फारसे काही नाही.

घ्यावयाची दक्षता

पहिली दक्षता ही की, नुसते रंगविणे म्हणजे संगीत नव्हे. छापील तबल्याचे वा वीणेचे चित्र रंगवून घेतले तर मुलाला वाद्याचे नाव कळेल. स्वर-तालाचे ज्ञान होणार नाही. आधी ऐकणे, मग रंग, आणि शेवटी रंगविलेले पुन्हा वाजवून वा गाऊन दाखविणे, हा क्रम मोडू नये. तिसरी पायरी बहुधा विसरली जाते. मुलाने दुसऱ्याने रंगविलेला पट्टा पाहून टाळी दिली, तरच तो संकेत त्याला वाचता येतो असे म्हणता येईल.

दुसरी दक्षता रंगांधतेची. तांबडा व हिरवा यांतील भेद न कळणारी मुले प्रत्येक मोठ्या शाळेत असू शकतात, आणि हा दोष मुलींपेक्षा मुलग्यांत पुष्कळच अधिक असतो. म्हणून रंगाबरोबर चिन्ह किंवा आकार असलाच पाहिजे. समेला फुली, खालीला शून्य, स्वराला अक्षर. रंग दिसला नाही तरी पट्टा वाचता आला पाहिजे.

तिसरी गोष्ट गुणांची. चौकटीबाहेर रंग गेला म्हणून गुण कापू नयेत. तो चित्रकलेचा निकष आहे. तसेच आनंदाचा पिवळा आणि दुःखाचा काळा असली समीकरणे मुलांवर लादू नयेत. कोणत्या सुराने काय वाटते, हे मुलाने आपल्या मनाप्रमाणे सांगावे.

चौथी गोष्ट ही की, रंग कायमचा नसावा. दुसरीत रंग, तिसरीत रंग व अक्षर, पाचवीत केवळ अक्षर व चिन्ह, आणि त्यापुढे कागदाशिवाय नुसते ऐकणे, अशा क्रमाने आधार काढून घ्यावा. आपले संगीत मुळात कानाचे आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) यांनी १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय काढून संगीत सर्वसामान्यांसाठी खुले केले आणि स्वरलेखनाची स्वतःची पद्धतीही रूढ केली. परंतु त्यांनीही लिखाणाला गुरुमुखाचा पर्याय मानले नाही. रंगाचे स्थानही तेवढेच आहे.

कोणी काय करावे

शिक्षकाने आठवड्यातून एक तास यासाठी राखावा आणि प्रत्येक मुलाचे पट्टे तारीख घालून जपून ठेवावेत. जून आणि मार्च यांतील पट्टे शेजारी ठेविले की प्रगती वेगळी लिहावी लागत नाही.

केंद्रप्रमुखांनी शिक्षण परिषदेत केंद्रापुरती एकच रंगमाला ठरवून घ्यावी, आणि ज्या शिक्षकांना पेटी वा ढोलकी येते त्यांच्याकडून इतरांना दोन तासांचे प्रात्यक्षिक द्यावे. शाळाभेटीच्या वेळी अधिकाऱ्यांनी भिंतीवर किती चित्रे लावली हे मोजण्यापेक्षा एखादा पट्टा हातात घेऊन ‘हा वाजवून दाखव’ असे एखाद्या मुलास म्हणावे. उपक्रम चालू आहे की नुसता कागदावर आहे, हे त्या एका प्रश्नाने कळते.

पंचायत सदस्यांना येथे मोठे काम आहे. भजनी मंडळाचा मृदंग, टाळ आणि पेटी ज्या गावात आहेत तेथे महिन्यातून एक दिवस ती वाद्ये आणि ती वाजविणारा वडीलधारा शाळेत आणणे एवढे त्यांनी केले, तरी शाळेला संगीतशिक्षक लाभल्यासारखे होईल. शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालक असतात आणि समितीच्या एकूण सदस्यांत निम्म्या महिला असतात. कानबाईची आणि आखाजीची गाणी येणाऱ्या माता त्यांतच मिळतील. त्यांनी वर्गात येऊन एक गाणे म्हणावे आणि मुलांनी त्याचे धृपद रंगवावे, यासाठी कोणत्याही मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.

या उपक्रमातून गायक निर्माण व्हावेत अशी अपेक्षा नाही. प्रत्येक मुलाच्या कानाची एकदा तरी न्याय्य पारख व्हावी आणि जे ऐकू शकते त्या मुलाला गप्प बसविले जाऊ नये, एवढीच अपेक्षा आहे. ज्याच्या दहापैकी दहा चौकटी बरोबर आल्या, त्याला उद्याच्या परिपाठात पुढच्या रांगेत उभे करावे व गाऊ द्यावे. कान तयार आहे. गळा सरावाने त्याच्या मागोमाग येईल.